राज्यकर्त्यांचा प्रमाद आणि लष्करी गुपिते : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

राष्ट्राच्या संरक्षणाशी निगडित माहिती गुप्त राखणे हे राज्यसंस्थेच्या आद्य कर्तव्यांपैकी एक मानले जाते. सैन्याच्या हालचाली, शस्त्रांची क्षमता, शत्रूविषयी मिळालेली माहिती आणि ती मिळविण्याची साधने या चारही बाबी गुप्त राहिल्या तरच उपयोगी ठरतात. या गुप्ततेला धोका शत्रूच्या हेरांपासून आणि फितूर झालेल्या कर्मचाऱ्यांपासून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. कायदे, चौकशीची यंत्रणा आणि शिक्षेची तरतूद यांची रचनाही याच समजावर उभी आहे. परंतु विसाव्या व एकविसाव्या शतकांतील काही घटना तपासल्या असता एक वेगळेच चित्र समोर येते. अनेक प्रसंगी गुपिते बाहेर पडली ती शत्रूच्या कौशल्यामुळे नव्हे, तर ज्यांच्या हाती ती विश्वासाने सोपविली होती त्या राज्यकर्त्यांच्या हलगर्जीपणामुळे. प्रस्तुत लेखात अशा निवडक घटनांच्या आधारे या हलगर्जीपणाचे स्वरूप, त्याची कारणे आणि त्याबाबतच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न यांची चिकित्सा केली आहे.

कौटिल्याची दृष्टी

या प्रश्नाची जाणीव भारतीय राजनीतिविचाराला फार पूर्वीपासून आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या पहिल्या अधिकरणात मंत्ररक्षणाचा, म्हणजे राजकीय सल्लामसलत गुप्त राखण्याचा स्वतंत्र विचार आला आहे. मसलत फुटण्याची कारणे सांगताना कौटिल्य प्रमाद, मद, झोपेतील बडबड, कामादी विकार आणि गर्व यांचा उल्लेख करतो. या यादीत पहिले स्थान 'प्रमादा'ला, म्हणजे बेसावधपणाला आहे, ही बाब विशेष लक्षणीय होय. पोपट, मैना यांसारख्या पक्ष्यांकडूनही मसलत फुटल्याचे दाखले तो देतो. त्यातील अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी त्यामागील भूमिका स्पष्ट आहे. ज्या जागी मसलत करावयाची ती जागा सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मसलत करणाऱ्यावरच आहे. कार्य पूर्ण होईपर्यंत त्यात गुंतलेल्या माणसांवर लक्ष ठेवावे आणि मसलत फोडणाऱ्याचा उच्छेद करावा, असेही तो सांगतो. या नियमातून वरिष्ठ अमात्यांना सूट दिलेली नाही. आधुनिक राज्यव्यवहाराचे परीक्षण करताना ही कसोटी उपयुक्त ठरते.

राजकीय सोयीसाठी गुपिताचा बळी : ब्रिटन, १९२७

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या संकेतलिपी विभागाने सोव्हिएत रशियाच्या राजनैतिक तारा उलगडण्यात मोठे यश मिळविले होते. या यशाचे मूल्य ते गुप्त राहण्यावरच अवलंबून होते. तरीही १९२३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांनी रशियाला पाठविलेल्या निर्वाणीच्या खलित्यात अशा तारांतील मजकुराचा आधार घेतला. यातून धडा घेतला गेला नाही. १२ मे १९२७ रोजी लंडनमधील 'आर्कोस' या सोव्हिएत व्यापारी संस्थेच्या कार्यालयावर गृहमंत्री विल्यम जॉइन्सन-हिक्स यांच्या पुढाकाराने पोलिसांनी छापा घातला. एक गहाळ झालेला लष्करी दस्तऐवज तेथे सापडेल, अशी अपेक्षा होती. तो सापडला नाही आणि छाप्याचे समर्थन कसे करावे, असा पेच मंत्रिमंडळापुढे उभा राहिला.

या पेचातून सुटण्यासाठी पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी उलगडलेल्या सोव्हिएत तारांचा मजकूर संसदेत वाचून दाखविला. त्यापाठोपाठ श्वेतपत्रिकाही निघाली. सरकारची अब्रू तेवढ्यापुरती वाचली आणि रशियाशी राजनैतिक संबंध तोडण्याला आधार मिळाला. मात्र मॉस्कोला आपल्या तारा वाचल्या जात असल्याचा लेखी पुरावाच हाती आला. सोव्हिएत सरकारने एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या संकेतवह्यांची पद्धत स्वीकारली. ही पद्धत नियमाप्रमाणे पाळली तर ती फोडणे अशक्यप्राय असते. अनेक वर्षांच्या परिश्रमाने उघडलेली खिडकी अशा रीतीने काही दिवसांच्या संसदीय चर्चेत बंद झाली.

या घटनेतील दोष केवळ अनवधानाचा नाही. तारा वाचून दाखविल्यास काय होईल, याची कल्पना मंत्रिमंडळाला नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु तात्कालिक राजकीय अडचण डोळ्यांसमोर असल्याने दूरच्या हानीचे वजन कमी भरले. हलगर्जीपणाचा हा पहिला प्रकार होय. येथे गुपित हे राष्ट्राची ठेव न राहता सत्ताधारी पक्षाच्या बचावाचे साधन बनते.

प्रौढी आणि जीभ : अमेरिका, १९४३

दुसरा प्रकार अधिक साधा, पण अधिक भयंकर आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या लष्करी व्यवहार समितीचे अध्यक्ष अँड्र्यू मे हे १९४३ मध्ये पॅसिफिक युद्धक्षेत्राचा दौरा करून परतले. दौऱ्यात त्यांना लष्कराची गोपनीय माहिती देण्यात आली होती. जून १९४३ मध्ये वार्ताहरांशी बोलताना त्यांनी सांगून टाकले की, अमेरिकी पाणबुड्या जपानी हल्ल्यांतून सुखरूप सुटतात, कारण जपानी नौदल आपले डेप्थ चार्ज फार उथळ खोलीवर फुटतील असे लावते. ही माहिती वृत्तसंस्थांनी प्रसारित केली आणि पाणबुड्यांचा तळ ज्या हवाई बेटांवर होता, तेथील होनोलुलूच्या वृत्तपत्रातही ती छापून आली.

डेप्थ चार्ज हे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे स्फोटक होय. ते किती खोलीवर फुटावे, हे टाकणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. म्हणजे शत्रूला आपली चूक दुरुस्त करण्यासाठी नवे शस्त्र शोधण्याची गरज नव्हती. खोलीचा अंदाज तेवढा बदलला की पुरे होते. पाण्याखालील बंद पोलादी नळकांड्यात साठ-सत्तर माणसे ज्या एका गैरसमजाच्या आधारावर जिवंत राहत होती, तो गैरसमज दूर करण्याचे काम त्यांच्याच देशाच्या लोकप्रतिनिधीने केले. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण एरवी घरगुती प्रसंगी वापरली जाते. येथे तिचा अर्थ मृत्यूपर्यंत पोहोचतो.

पॅसिफिकमधील पाणबुडी दलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल चार्ल्स लॉकवूड यांच्या अंदाजानुसार या वक्तव्याची किंमत १० पाणबुड्या आणि ८०० नौसैनिक अशी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एकूण ५२ पाणबुड्या नष्ट झाल्या. लॉकवूड यांचा आकडा हा अंदाज आहे आणि जपानी नौदलाने आपले तंत्र नेमके याच बातमीवरून बदलले, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. मे यांच्यावर या वक्तव्याबद्दल कोणतीही कारवाई झाली नाही. १९४७ मध्ये ते दोषी ठरले, ते युद्धकाळातील कंत्राटांशी संबंधित लाचखोरीच्या प्रकरणात. पैशाचा अपहार न्यायालयात सिद्ध करता आला. गुपिताच्या अपव्ययासाठी मात्र खटलाही उभा राहिला नाही.

सोयीची सवय : अमेरिका, २०२५

तिसरा प्रकार तंत्रज्ञानाच्या युगाने पुढे आणला आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने येमेनमधील हूती बंडखोरांवर हवाई हल्ले केले. या मोहिमेची चर्चा उपराष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री, गुप्तचर विभागाचे प्रमुख इत्यादी अत्युच्च पदाधिकाऱ्यांनी 'सिग्नल' या सर्वसामान्यांसाठी उपलब्ध असलेल्या भ्रमणध्वनी संदेश-यंत्रणेवर केली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी तयार केलेल्या या गटात 'दि अटलांटिक' या मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांचा समावेश चुकून झाला आणि अनेक दिवस कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

१५ मार्च रोजी सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी या गटात हल्ल्याचे वेळापत्रक टाकले. लढाऊ विमाने १२ वाजून १५ मिनिटांनी निघतील, पहिल्या हल्ल्याची वेळ १ वाजून ४५ मिनिटांपासून असेल, मानवरहित विमाने केव्हा लक्ष्यावर असतील, सागरी क्षेपणास्त्रे केव्हा सुटतील, असा तो तपशील होता. याचा अर्थ असा की विमाने उडण्यापूर्वी ३१ मिनिटे आणि पहिल्या हल्ल्यापूर्वी दोन तास ही माहिती एका पत्रकाराच्या खिशातील फोनवर होती. त्या पत्रकाराने हल्ले होऊन गेल्यानंतर, २४ मार्च रोजी प्रकरण उघडकीस आणले. युद्धविषयक योजना गटात आल्याच नव्हत्या, असा पवित्रा सरकारने घेतल्यानंतर २६ मार्च रोजी मूळ संदेश प्रसिद्ध करण्यात आले.

या प्रकरणाचे समर्थन मुख्यतः दोन मुद्द्यांवर झाले. मोहीम यशस्वी झाली, हा पहिला मुद्दा. आणि माहिती अधिकृतपणे 'गुप्त' नव्हती, हा दुसरा. डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने या दोन्ही मुद्द्यांची मर्यादा दाखवून दिली. माहिती गोपनीयतेच्या बंधनातून मुक्त करण्याचा अधिकार मंत्र्यांना आहे, हे अहवालाने मान्य केले. मात्र वैयक्तिक फोन आणि मान्यता नसलेली यंत्रणा वापरणे खात्याच्या नियमांशी विसंगत होते आणि ही माहिती शत्रूच्या हाती पडली असती तर सैनिकांना व मोहिमेला धोका पोहोचू शकला असता, असा निष्कर्षही त्याने नोंदविला. वॉल्ट्झ यांना १ मे २०२५ रोजी पद सोडावे लागले आणि पुढे त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रसंघातील राजदूतपदी झाली.

येथे प्रौढी नाही आणि राजकीय पेचही नाही. सुरक्षित कक्षात जाऊन, मान्य यंत्रणेवर बोलण्याचा त्रास टाळणे एवढेच कारण दिसते. सोय ही सवय बनते आणि सवय नियमाची जागा घेते. प्रत्यक्ष वैमानिकाला मात्र अशी सोय उपलब्ध नसते. उड्डाणापूर्वी त्याच्यावर असलेली बंधने त्याच्या मंत्र्यावरील बंधनांहून कितीतरी कठोर असतात.

परिणामाची कसोटी की कृतीची?

वरील तिन्ही घटनांत बचावाचा समान धागा आढळतो. हानी सिद्ध झाली नाही, म्हणून अपराध झाला नाही, असा तो युक्तिवाद आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. गुपित फुटल्याने झालेली हानी स्वभावतःच अदृश्य असते. शत्रू आपण काय वाचले हे जाहीर करीत नाही आणि बुडालेल्या पाणबुडीतील माणसे साक्ष देण्यास येत नाहीत. हानीचा निर्णायक पुरावा मागणे म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रसंगी दोषमुक्ती मान्य करणे होय.

लष्करी न्यायाने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. पहाऱ्यावर झोपलेला शिपाई भारतीय सेना अधिनियम, १९५० नुसार अपराधी ठरतो. त्या रात्री शत्रू आला होता काय, असे त्याला विचारले जात नाही. त्याने धोका निर्माण केला, एवढेच पुरेसे असते. जो न्याय चौकीवरच्या शिपायाला लागू आहे, तो त्या शिपायाला चौकीवर पाठविणाऱ्याला का लागू नसावा, हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

कायदा आणि पदाची उतरंड

कायद्यात तरतूद नाही, असे नाही. अमेरिकेच्या १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्यात घोर निष्काळजीपणाचा अंतर्भाव आहे. तथापि २०१६ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ई-मेल व्यवस्थेची चौकशी झाली, तेव्हा ११० ई-मेलमध्ये पाठविल्या त्या वेळीच गोपनीय असलेली माहिती आढळूनही खटला न भरण्याची शिफारस झाली. माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सँडी बर्जर यांनी राष्ट्रीय अभिलेखागारातून गोपनीय कागद बाहेर नेल्याची कबुली दिली. २००५ मध्ये त्यांना ५०,००० डॉलर दंड आणि परिवीक्षा एवढीच शिक्षा झाली. गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख डेव्हिड पेट्रेयस यांनी आपल्या गोपनीय नोंदवह्या चरित्रलेखिकेला दिल्या. २०१५ मध्ये त्यांना १,००,००० डॉलर दंड व दोन वर्षांची परिवीक्षा मिळाली. उलट जॅक टेक्सेरा या हवाई राष्ट्रीय रक्षक दलातील तरुण कनिष्ठ सैनिकाला गोपनीय कागद समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ही प्रकरणे एकाच मापाने मोजता येणार नाहीत, हे मान्य करावयास हवे. टेक्सेराचे कृत्य दीर्घकाळ आणि हेतुपुरस्सर चालले होते व त्यातील कागदांची व्याप्तीही मोठी होती. बहुतेक उच्चपदस्थांच्या प्रकरणांत शत्रूला मदत करण्याचा हेतू नव्हता, हेही खरे. परंतु कनिष्ठाच्या बाबतीत नियमाचा भंग आणि वरिष्ठाच्या बाबतीत हेतूचा अभाव अशा दोन वेगळ्या कसोट्या प्रत्यक्षात वापरल्या जातात, हा निष्कर्ष टाळता येत नाही. शिवाय वरिष्ठाजवळ आणखी एक ढाल असते. एखादी गोष्ट गुप्त आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकारच त्याच्याकडे असतो. म्हणून तोंडातून निघालेले गुपित निघाल्या क्षणी गुपित राहिलेच नाही, असा दावा त्याला करता येतो.

भारतीय संदर्भ

भारतात शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या पाचव्या कलमात गोपनीय माहितीची वाजवी काळजी न घेणे हाही अपराध मानला आहे. मंत्रिपद स्वीकारताना संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार गोपनीयतेची शपथ घ्यावी लागते. मात्र शपथभंगासाठी त्या अनुसूचीत स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मधील आपल्या पहिल्या अहवालात १९२३ चा अधिनियम रद्द करून राष्ट्रीय सुरक्षाविषयक कायद्यात त्याऐवजी नेमक्या तरतुदी कराव्यात आणि मंत्र्यांनी गोपनीयतेऐवजी पारदर्शकतेची शपथ घ्यावी, अशी शिफारस केली होती. नेमके काय लपवावयाचे हे ठरले, तरच ते नीट लपविता येते, हे त्यामागील तर्कशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे.

गुपित प्रकट करणे नेहमीच प्रमाद असते असेही नाही. कारगिल संघर्षाच्या काळात, ११ जून १९९९ रोजी, पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल परवेझ मुशर्रफ आणि लेफ्टनंट जनरल अझीझ खान यांच्यातील दूरध्वनी संभाषणाचा मजकूर भारत सरकारने प्रसिद्ध केला. त्यामुळे घुसखोरीत पाकिस्तानी लष्कराचा प्रत्यक्ष सहभाग असल्याचा पुरावा जगापुढे आला. त्याचबरोबर माहिती मिळविण्याचे एक मौल्यवान साधन उघडे पडले, अशी टीकाही झाली. टीका रास्त असो वा नसो, येथे लाभ व हानी यांचे माप करून निर्णय घेतला गेला होता आणि लाभ पक्षाचा नव्हे तर राष्ट्राच्या बाजूचा होता. १९२७ ची ब्रिटिश घटना आणि ही घटना यांतील भेद येथेच आहे.

याची दुसरी बाजू यशवंतराव चव्हाण यांच्या उदाहरणातून दिसते. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेल्या चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत हेंडरसन ब्रुक्स यांच्या चौकशी अहवालासंबंधी निवेदन केले. अहवाल प्रसिद्ध करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही, ही भूमिका घेऊनही प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना इत्यादी कोणत्या अंगांची चौकशी झाली व कोणत्या उणिवा दिसल्या, याची रूपरेषा त्यांनी सभागृहापुढे ठेवली. सांगावे किती आणि राखावे किती, याचा विवेक त्या निवेदनात आढळतो. परंतु तोच अहवाल पुढे अनेक दशके बंद राहिला. त्यातील मजकूर आजही संवेदनशील असल्याचे सरकारने २०१० मध्येही संसदेत सांगितले आणि २०१४ मध्ये त्याचा काही भाग परदेशी पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्याकडून लोकांना वाचावयास मिळाला. जुन्या अपयशाचे रक्षण कठोरपणे होते आणि उद्याच्या मोहिमेचे वेळापत्रक फोनवर फिरते, हा अलीकडच्या काळातील अंतर्विरोध आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती दिसते. गुप्ततेचा निकष सैनिकाची सुरक्षितता हा न राहता सत्ताधाऱ्याची सोय हा बनतो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, लष्करी गुपिते हाताळण्यातील राज्यकर्त्यांचा हलगर्जीपणा हा व्यक्तिगत स्वभावदोषापुरता मर्यादित नाही. राजकीय गरज, प्रौढी आणि सोय या तीन प्रेरणांतून तो वेगवेगळ्या देशांत व काळांत पुनःपुन्हा उद्भवतो. दुसरा असा की, प्रत्यक्ष हानी सिद्ध होण्याची वाट न पाहता निर्माण केलेल्या धोक्यावरून जबाबदारी निश्चित करणे आवश्यक आहे. तिसरा असा की, माहिती गोपनीयतेतून मुक्त करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यानेही तो लेखी, कारणासह आणि माहिती प्रकट करण्यापूर्वी वापरावा, असे बंधन हवे. तोंडून निसटलेल्या शब्दाला मागाहून अधिकाराचे वस्त्र चढविता येऊ नये. चौथा असा की, वरिष्ठांच्या प्रमादाची चौकशी त्यांच्याच हाताखालील यंत्रणेकडे न राहता संसदीय समितीपुढे यावी.

लोकशाहीत नागरिकाला राज्यकर्त्याकडून माहिती मिळविण्याचा हक्क आहे. त्याचप्रमाणे सैनिकालाही एक हक्क आहे, जो कोणत्याही कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. आपल्या जिवाशी निगडित असलेली गोष्ट ज्याला ठाऊक आहे, तो ती आपल्या जिवाइतकीच जपेल, असा विश्वास बाळगण्याचा तो हक्क होय. पाणबुडीत उतरणारा खलाशी किंवा विमानात बसणारा वैमानिक या विश्वासाखेरीज दुसरी कोणतीही हमी घेऊन जात नाही. त्या विश्वासाचा भंग शत्रूने केला तर ते युद्ध असते. स्वकीय राज्यकर्त्याने केला तर त्याला काय नाव द्यावे, याचे उत्तर कायद्याने अद्याप पुरेशा स्पष्टपणे दिलेले नाही.